हनुवटीवरचा दोरा

पार्लरवालीने विचारलंसुद्धा नाही, हेच तिला लागलं. इतकी वर्षं ती याच खुर्चीत मान मागे टाकून बसत आली होती. भुवया कोरून घ्यायच्या, मानेवरची पावडर झटकायची आणि उठायचं, एवढंच तिचं काम असे. आज मात्र दोरा भुवयांवरून निघाला, गप्पांच्या ओघात वरच्या ओठाकडे आला आणि तिथूनही खाली उतरून हनुवटीवर सरसर फिरायला लागला. पार्लरवाली आपली शेजारच्या खुर्चीतल्या बाईशी वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळाबद्दल बोलत होती. "तिथे काय करताय?" ती दचकून म्हणाली. दातातला दोरा न सोडता पार्लरवाली म्हणाली, "अहो, गेल्या वेळीपण केलं होतं की! तुमचे डोळे मिटलेले होते." तिने पुन्हा मान मागे टाकली खरी, पण आता तिला डोळे मिटवेनात. म्हणजे ही गोष्ट आधीच होऊन गेलेली होती. आपल्या तोंडावर काय चाललंय ते या बाईला ठाऊक, कदाचित शेजारच्या खुर्चीतलीलाही ठाऊक, आणि आपणच तेवढ्या अनभिज्ञ. आणखी कुणाकुणाला ठाऊक असेल, याचा ती हिशेब करू लागली, आणि पहिलं नाव नवऱ्याचं आलं.

घरी जाताना तिने बसच्या काचेत चेहरा पाहायचा प्रयत्न केला, पण काचेत बाहेरची दुकानंच जास्त दिसत होती. तिने बोट फिरवून पाहिलं. हनुवटी गुळगुळीत होती, पण जबड्याच्या कडेने दोन-तीन पुटकुळ्या हाताला लागल्या, दुखऱ्या, आतून फुगलेल्या, कॉलेजात असताना यायच्या तशा. त्या काही आजच्या नव्हत्या. काही महिन्यांपासून त्या येत होत्या नि जात होत्या, आणि ती त्यांना कधी उशीच्या अभ्र्याचं, कधी नव्या साबणाचं निमित्त देत होती. शिवाय हात कोरडे पडले होते. दंडांना खाज सुटायची, पोटऱ्यांवर नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटायची. म्हणजे तोंड तेलकट आणि हातपाय ठणठणीत कोरडे. एकाच बाईच्या अंगावर दोन वेगळ्या बायकांची कातडी. पाळी आताशा मनाला येईल तेव्हा यायची. ताईला फोनवर सांगितलं तर ताई म्हणाली होती, "वय झालं आपलं, दुसरं काय! मला तर रात्री-अपरात्री घाम फुटतो." ताई सगळ्याच गोष्टींचं खापर वयावर फोडायची, जावयाच्या विसरभोळेपणाचंसुद्धा. तेव्हा तिला ते पटलं होतं. आज बसमध्ये पटेना. वय माणसाला वाळवतं, सुरकुतवतं, हे तिने आईत पाहिलं होतं. दाढी कशाला देईल?

कातडी नव्हे, पण कापड तिला कळायचं. संग्रहालयाच्या तळघरात जुन्या कापडांची निगा राखण्याचं काम ती करत असे. शाली, झगे, निशाणं, कुणाकुणाची लग्नातली वस्त्रं. उजेड हा तिथला पहिला शत्रू. तळघराला खिडकी नव्हती. दिवे मंद आणि पिवळे, तेसुद्धा काम असेल तेवढ्यापुरते. वरच्या दालनातले लोक तिला कौतुकाने अंधारबाई म्हणत, आणि तिलाही ते नाव आवडायचं. सकाळी अंधारात आत शिरायचं, संध्याकाळी बाहेर पडायचं, मध्ये डबासुद्धा तळघराशेजारच्या खोलीत. उन्हाने रेशीम कसं जळतं, लाल कसा गुलाबी होतो, हे तिने इतक्यांदा बघितलं होतं की रस्त्यातही ती सावलीच्या बाजूने चालायची. नवरा हसायचा. "तुला काय गोदामात ठेवायचंय का गुंडाळून?" म्हणायचा. त्याचं सगळंच उलटं. तो पोहायला शिकवायचा, उघड्या तलावावर, आणि वर्षाचे बाराही महिने त्याचे खांदे उन्हाने तांबूस असायचे. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. भल्या पहाटे तलावावर जायचा, दुपारी येऊन जेवायचा, संध्याकाळी पुन्हा जायचा, आणि जेवण झाल्या झाल्या अंथरुणाला पाठ टेकायचा.

मधली दोन वर्षं मास्तरांची फार वाईट गेली होती. तिला आता ती आठवायलाही नको वाटायची. तो आजारी नव्हता, तक्रार करत नव्हता, फक्त विझत चालला होता. खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घ्यायचा, बोलता बोलता वाक्य अर्धं सोडायचा, पोट सुटलं होतं, आणि अंथरुणात पाठ करून झोपायचा. सुरुवातीला ती रागावली, मग रडली, मग सवय झाली. त्या पाठीकडे बघत ती झोपायला शिकली. आणि मग एक दिवस, कुठलंही कारण न सांगता, तो परत आला. गाणी गुणगुणायला लागला, पँट कंबरेत सैल झाली, आणि एका रात्री दिवा मालवल्यावर त्याने वळून तिला जवळ घेतलं. तेव्हापासून ती त्याच्या खांद्यावर गाल टेकवूनच झोपायची, नव्या नवरीसारखी, त्याचा उतरवलेला बनियन अंगात घालून. तिलाही काय झालं होतं कोण जाणे. या वयात, दिवसाढवळ्या तळघरात एखादी शाल पसरताना तिला मध्येच त्याची आठवण यायची आणि कानशिलं तापायची. ती खूश होती. इतकी खूश, की तो का परत आला हे तिने विचारलंच नाही. विचारलं असतं तर तो पुन्हा पाठ करेल, अशी काहीतरी वेडी भीती तिला वाटत होती.

आता मात्र विचारांना तोंड फुटलं. हनुवटीवर दोरा फिरला आणि जणू तिचे डोळे उघडले. नवरा उगाच परत येत नाही, तो कुणामुळे तरी परत येतो. आणि मग इतके दिवस डोळ्यांआड केलेल्या बारीकसारीक गोष्टी एकेक करून समोर येऊन उभ्या राहिल्या. झोपायच्या आधी तो न्हाणीघरात जायचा आणि आतून कडी घालायचा. सबंध संसारात त्याने कधी कडी घातली नव्हती. दार उघडं टाकून दात घासता घासता गप्पा मारणारा माणूस. बाहेर आला की त्याच्या अंगाला वास यायचा, इंजेक्शन देण्याआधी दंडाला चोळतात त्या स्पिरिटचा, जेमतेम, लगेच उडून जाणारा. आधी तिला वाटलं होतं, चोरून पितो की काय. पण तोंडाला वास नसायचा. मग अत्तर? पण अत्तर झोपायच्या आधी कोण लावतं? दुसऱ्या कुणाचं लागलेलं अत्तर पुसायला तर स्पिरिट वापरत नसेल? ही कल्पना सुचली तेव्हा ती बसमध्ये उभी राहिली आणि तिचा स्टॉप यायला अजून अवकाश होता.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, टेबलावर कोपर टेकवून ऐकत होत्या. त्यांनी आधी हात पाहिले, पोटऱ्या पाहिल्या, मग भिंग घेऊन हनुवटी पाहिली. "काम कुठे करता?" तिने सांगितलं. "ऊन किती मिळतं?" "ऊन कशाला मिळेल? आमचं कामच ऊन अडवायचं." डॉक्टरीणबाई हसल्या आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा म्हणाल्या, "ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेलंय. कातडी हे जीवनसत्त्व उन्हात स्वतःच तयार करते, आणि मग स्वतःच ते वापरते. ते कमी असलं की कोरडेपणा, खाज वाढू शकते. शिवाय वयामुळे बायकी हार्मोन उतरतंय, त्यानेही कातडी पातळ आणि रुक्ष होते. गोळ्या देते. आणि सकाळी थोडा वेळ हातपाय उन्हात धरा." "आणि हे?" तिने हनुवटीकडे बोट केलं. "हे उन्हाने होत नाही नि उन्हाअभावीही होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यासाठी दुसरं रक्त तपासायला लागेल. ते आधी येऊ द्या." दुसरं रक्त म्हणजे कसलं, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. सांगत नाहीत म्हणजे वाईटच असणार, असं तिने ठरवून टाकलं.

संग्रहालयाच्या गच्चीवर ऊन घ्यायची परवानगी मिळाली. अंधारबाई उन्हात बसणार म्हणून वरच्या दालनात दोन दिवस चेष्टा चालली. पहिल्या दिवशी ती बाह्या सरसावून पाण्याच्या टाकीला टेकून बसली, आणि समोर पाहते तर छपरांच्या पलीकडे निळा चौकोन चमकत होता. तलाव! इतकी वर्षं दोघांची कामाची ठिकाणं एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात होती आणि तिला पत्ता नव्हता, कारण ती कधी गच्चीवर आलीच नव्हती. माणसं मुंग्यांएवढी दिसत, पण टोप्यांचे रंग ओळखू येत. लाल टोपी त्याची. त्या दिवसापासून ऊन हे नुसतं निमित्त उरलं. लाल टोपी कुठे जाते, कुणापाशी थांबते, यावर तिचा खडा पहारा सुरू झाला. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळी टोपी सापडली. बाकीच्या टोप्या येत, जात. लाल टोपी मात्र पिवळीला सोडत नसे. तासातला निम्मा वेळ दोन्ही टोप्या एकमेकींना चिकटून उथळ पाण्यात. ती डोळ्यांवर हात धरून बघत राही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला थोडा वेळ केव्हाच उलटून जाई. हातपायांना ऊन मिळायचं ते मिळालंच, पण तोंड पुढे काढून बसल्यामुळे महिन्याभरात गालांवर वांग उमटला, दोन्हीकडे, तपकिरी, फुलपाखरासारखा. आरशात बघून तिला वाटलं, छान! दाढी होती, पुटकुळ्या होत्या, आता एवढंच कमी होतं. आणि तो मात्र दिवसेंदिवस तरुण दिसत होता. जणू घरात मिळून एकच तारुण्य होतं आणि ते त्याने एकट्याने उचललं होतं.

त्या दिवसांत ती रात्री त्याच्या खांद्यावर डोकं ठेवायची ते चाचपणी म्हणून. वास घ्यायची. आणि तरी तिला झोप तिथेच यायची, आणि तरी ती स्वतःच त्याच्याकडे सरकायची, याची तिला मनस्वी चीड येई.

दुसऱ्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "टेस्टोस्टेरॉन," त्या म्हणाल्या, "म्हणजे पुरुषी हार्मोन. बाईच्या अंगात ते थोडं असतंच, पण तुमच्यात कितीतरी पट जास्त आहे. त्याने तेलग्रंथी चेकाळतात, म्हणून पुटकुळ्या. लव जाड होते, म्हणून हे केस. कुठून येतंय ते शोधायला हवं." मग पोटाची सोनोग्राफी झाली, आतल्या ग्रंथींचा स्कॅन झाला. गाठ असेल तर, या विचाराने तिने तो आठवडा कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. नवऱ्याला सांगितलं नाही. कशाला सांगायचं? पिवळ्या टोपीला वाट मोकळी करून द्यायला? सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टरीणबाई बराच वेळ कागद उलटेपालटे करत राहिल्या आणि मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "घरात कुणी हार्मोनचं औषध लावतं का? जेल, मलम असलं काही?" "छे," ती म्हणाली. "घरात आम्ही दोघंच. आणि ते पोहायला शिकवतात, त्यांना कसली औषधं लागताहेत! घोड्यासारखे आहेत." हे म्हणताना तिला स्वतःच्याच आवाजात अभिमान ऐकू आला.

ती तळघरात परतली. टेबलावर एक पांढरी सुती ओढणी होती आणि तिच्या मधोमध लालसर डाग. ओढणी कधी धुतली नव्हती, कुणी वापरली नव्हती, तरी डाग होता. कशामुळे ते तिला माहीत होतं, कारण तिनेच ते महिन्यापूर्वी शोधलं होतं. पेटीत ही ओढणी एका लाल शालीला लागून वर्षानुवर्षं पडली होती. मध्ये कागद घालायचा कुणीतरी विसरलं होतं. पाणी नाही, काही नाही, नुसती संगत आणि हवेतला दमटपणा, एवढ्यावर एकाचा रंग दुसऱ्याच्या अंगात उतरला होता. ब्रश हातात धरून ती त्या डागाकडे बघत राहिली. मग तिला डॉक्टरीणबाईंचा मलमाचा प्रश्न आठवला, न्हाणीघराची कडी आठवली, स्पिरिटचा वास आठवला, आपला गाल कुठे असतो ते आठवलं, आणि ती मटकन स्टुलावर बसली. पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. गाठ नाही. बाई नाही. आणि त्याच्या मागोमाग असा संताप आला की तिने हातातला ब्रश बाजूला फेकला.

त्या संध्याकाळी जेवणानंतर आतून कडी पडली तशी ती दारापाशी जाऊन उभी राहिली. "दार उघड."

"आलोच."

"आलोच नको. आत्ता उघड."

आत काहीतरी पडलं, मग कडी निघाली. तो उघडाच उभा होता आणि दिव्याच्या उजेडात त्याचा उजवा खांदा ओला चमकत होता. हातात पांढरी ट्यूब होती. "बाम आहे गं," तो म्हणाला. "खांदा धरलाय."

तिने त्याचा हात ओढून नाकाला लावला. "बामाला असा वास येत नाही. आणि खोटं बोलताना तू खाली बघतोस, हे मला लग्नाच्या आधीपासून माहितीये."

तो न्हाणीघरातल्या स्टुलावर बसला. मग त्याने सांगितलं, तिच्याकडे न बघता, नळाकडे बघत. अंगातलं सगळंच आटल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी तपासलं तर पुरुषी हार्मोन फारच कमी निघालं. हे रोज लावायचं, खांद्याला. "तुला कसं सांगणार? पोरं मास्तर मास्तर करतात, बॅचमधल्या बायका म्हणतात काय तब्येत आहे, आणि मी घरी येऊन तुला सांगू, की मला ट्यूबमधून..."

"कुठल्या बायका? ती पिवळ्या टोपीची?"

त्याने चमकून वर पाहिलं. "ती सत्तरीची आहे गं. गुडघ्यांसाठी येते. पाण्याला घाबरते, हात सोडला की ओरडते. तुला ती कशी माहीत?"

"राहू दे ते. हे रात्री लावायला सांगितलं होतं?"

"सकाळी, आंघोळीनंतर. पण सकाळी मी पाण्यात असतो, सगळं धुऊन जाईल. म्हणून आपलं मीच डोकं चालवलं, रात्री लावायचं. मस्त मुरतं रात्रभर."

"झाकून ठेवायला नाही सांगितलं? हात धुवायला?"

"सांगत होते काहीतरी. मी आपला हो हो म्हणत होतो. तिथून कधी एकदा बाहेर पडतो असं झालेलं."

"रात्रभर मुरलं ते माझ्यात," ती म्हणाली, आणि दिव्याखाली हनुवटी वर करून उभी राहिली. त्याला आधी कळेना. मग तिने पार्लर, रक्त, स्कॅन, गाठीची भीती, सगळं एका दमात सांगितलं. तो उठला, तिला धरायला पुढे झाला आणि मध्येच थबकून त्याने दोन्ही हात मागे घेतले, पाठीशी लपवले. तिचा संताप त्या हातांकडे बघून ओसरला. आता रडावं की हसावं तिला कळेना.

"गेले सहा महिने," तो म्हणाला, "तू माझ्याजवळ येत होतीस. स्वतःहून. पूर्वी कधी यायची नाहीस तशी. मला वाटायचं, मी बरा झालो म्हणून येते." त्याने पाठीमागची ट्यूब पुढे धरली. "ते यानेच होत होतं का? तू नव्हतीस?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्याबद्दल आलं होतं: रात्री मला जवळ घेणारा हा, की ट्यूबमधला कुणी? हा प्रश्न तिने तळघरातच दातांखाली धरला होता, त्याच्या तोंडावर मारायला. पण तो तर तिच्याआधीच तिला विचारत होता. महिनोन्महिने संशय तिचा होता, आणि आता तीच आरोपी होऊन न्हाणीघराच्या दारात उभी. तळघरातली ती तापलेली कानशिलं तिला आठवली. तिने खोटं बोलायचं ठरवलं आणि तोंडातून निघालं, "माहीत नाही रे."

त्याच्या डॉक्टरांनी जेल बंद करून इंजेक्शन सुरू केलं. दंडात टोचलं की कुणाला लागायचा प्रश्न नाही, असं त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, आणि या खेपेला त्याने हो हो न म्हणता सगळं ऐकून घेतलं. चादरी, बनियन, टॉवेल, सगळं गरम पाण्यातून निघालं. तरी तो गळ्यापर्यंत बटणं लावून पलंगाच्या काठाशी झोपू लागला. डॉक्टर काहीही म्हणोत, त्याचा विश्वास बसत नव्हता. आणि ती? पुटकुळ्या बसत गेल्या. दंड मऊ पडले, गोळ्यांनी म्हणा, उन्हाने म्हणा. गच्चीवर ती आता टोपी घालून बसायची. आणि तळघरात शाल पसरताना तिला कुणाचीच आठवण यायची नाही. ती मुद्दाम थांबून वाट बघायची. शाल शालच राहायची. त्या वेळी तिला इतकं पोरकं वाटायचं, की चोरी पकडली हेच चुकलं असं तिच्या मनात येऊन जायचं.

शेवटचा रिपोर्ट सुट्टीच्या दुपारी हातात आला. "सगळं जागेवर आलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उगवलेले केस एवढ्यात जाणार नाहीत, ते काढत राहा. बाकी आता तुमच्या अंगात तुमचंच आहे." घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहून बटाटे सोलत होता. तिने सांगितलं. त्याने मान हलवली, सोलणं थांबवलं नाही.

"म्हणजे आता कळेल," तो म्हणाला.

"हो."

त्याने बटाटा खाली ठेवला, हात धुतले, पुन्हा धुतले, पुसले, आणि ओट्याला टेकून उभा राहिला, दातांच्या डॉक्टरच्या दारात उभं राहावं तसा. ती पुढे गेली. तिने त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि त्याच्या खांद्यावर गाल टेकवला. वास साबणाचा होता. खांदा नेहमीचाच, पोहणाऱ्या माणसाचा, थोडा खरखरीत. तिने वाट पाहिली. कानशिलं तापली नाहीत. नळ ठिबकत होता. तिच्या गालाखाली त्याचं काळीज मात्र धाडधाड उडत होतं, भ्यालेल्या माणसाचं, आणि ते ऐकताना तिला ती दोन वर्षं आठवली. खुर्चीत डुलक्या घेणारा हा माणूस, तोंड उघडं, आणि त्याच्या पायांवर पांघरूण घालताना तिच्या पोटात जे तुटायचं ते. तेव्हा घरात ट्यूब नव्हती. ते तुटणं आत्ता, इथे, तसंच होतं. ते काही कमी झालं नव्हतं, आणि वाढलंही नव्हतं.

"वाटतंय काही?" त्याने विचारलं.

"वाटतंय."

"खरं?"

तिने मान वर करून पाहिलं. तो तिच्या डोळ्यांत काहीतरी शोधत होता. सबंध उन्हाळाभर गच्चीवरून ती शोधत होती, तसाच.

"संशय येतोय तुला?"

"येतोय," तो म्हणाला.

"येऊ दे," ती म्हणाली, आणि गाल पुन्हा होता तिथेच ठेवला.